व्हिनेगरचा वास, किंचाळणाऱ्या टेपा आणि काचेच्या निगेटिव्ह: आधी हात कशाला लावायचा?

कोठारपाल

एका मध्यम आकाराच्या संग्रहालयाच्या दृक्‌श्राव्य कोठीत कामाचा क्रम लावायचा आहे. माल असा:

३५ मिमी फिल्मची सुमारे ३०० रिळं. बहुतेक कृष्णधवल, काही रंगीत प्रिंटा पार गुलाबी पडलेल्या. त्यातल्या ४० डब्यांवरच्या तारखा १९५०च्या आधीच्या. १६ मिमीची २०० रिळं, काहींचा आवाज वेगळ्या मॅग्नेटिक फिल्मवर. हे डबे उघडले की व्हिनेगरचा भपकारा येतो.

पाव इंची टेपांची ६०० रिळं. काही वाजवताना किंचाळतात आणि हेडवर तपकिरी चिकटा सोडतात.

७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या, आणि तशाच दिसणाऱ्या पण हाताने लेबल लिहिलेल्या काळ्या तबकड्या. या दुसऱ्या प्रकारातल्या काहींवर पांढरी भुकटी आहे.

काचेच्या निगेटिव्ह २००० च्या आसपास, खाचांच्या जुन्या लाकडी पेट्यांत.

कोठीत तापमान २१ अंश सेल्सियस, आर्द्रता ५० ते ६० टक्के. एक लहान शीतकोठी मिळू शकते, पण सगळं तिच्यात मावणार नाही. पैसे शीतकोठीला तरी मिळतील किंवा स्कॅनिंगला तरी. समितीचं मत "सगळं स्कॅन करून टाका, मग डबे राहिले काय नि गेले काय" असं आहे. यावर काय उत्तर द्यायचं, आणि सुरुवात कुठून करायची?

---

रीळफिरक्या

समितीला आधी एक मोजदाद दाखवा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली तिथल्या मूक कथापटांचा हिशोब प्रसिद्ध केला. १०,९१९ चित्रपटांपैकी मूळ रूपात पूर्ण टिकलेले फक्त १४ टक्के निघाले. बाकीचे काही जळले, काही सडले, काही चांदी काढायला वितळवले, आणि बरेच "आता यांचं काम संपलं" म्हणून फेकले गेले. तुमच्या समितीचं वाक्य नवं नाही.

आता क्रम. स्कॅनिंग की थंडावा हा वाद तूर्त बाजूला ठेवा. १९५०च्या आधीचे ते ४० डबे आजच वेगळे काढा. त्यांत नायट्रेट, म्हणजे झटकन पेट घेणारी जुनी फिल्म, असू शकते. ३५ मिमीची नायट्रेट फिल्म १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बनत होती. १६ मिमी फिल्म मात्र १९२३ मध्ये बाजारात आली तीच सेफ्टी (सहज न पेटणारी, बहुतेक अ‍ॅसिटेटच्या पायाची) म्हणून, त्यामुळे तिची ही काळजी जवळजवळ नाही.

ओळख काठावरून पटते. तिथे 'नायट्रेट' किंवा 'सेफ्टी' अशी अक्षरं असतात. पण 'सेफ्टी' वाचून लगेच निर्धास्त होऊ नका. प्रिंट काढताना निगेटिव्हच्या काठावरची अक्षरंही प्रिंटवर उतरतात. प्रिंटची स्वतःची अक्षरं पारदर्शक काठावर काळी दिसतात, निगेटिव्हवरून उतरलेली असतील तर काळ्या पट्टीवर पांढरी दिसतात. पांढऱ्या 'सेफ्टी'वरून एवढंच कळतं की निगेटिव्ह सेफ्टी होती. शिवाय रीळ म्हणजे सलग एक फिल्म नव्हे. मध्ये तुकडे जोडलेले असतात आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या जातीचा असू शकतो. म्हणून प्रत्येक जोडानंतर काठ पुन्हा वाचायचा. जुन्या पुस्तकांत तुकडा जाळून बघायची किंवा ट्रायक्लोरोएथिलीनमध्ये बुडवून बघायची चाचणी सापडेल. दोन्ही करू नका. पहिलीत आग आहे, दुसरीत विष.

नायट्रेट कुजतं ते पायरीपायरीने. आधी चित्र फिकं पडून फिल्म पिवळट-तपकिरी होते. मग थर चिकट होऊन वेटोळी एकमेकांना धरतात. मग मधासारखा फेस येतो, पुढे रिळाचा एकसंध गोळा होतो आणि शेवटी तपकिरी पूड उरते. पहिल्या दोन पायऱ्यांवरची रिळं अजून उलगडता येतात आणि त्यांची प्रत निघते. फेस दिसला की चांगला भाग तज्ज्ञाकडून वेगळा करायचा, आणि गोळा किंवा पूड झालेलं पाण्यात बुडवून अग्निशमन दलाच्या सल्ल्याने निकालात काढायचं. कुजलेली नायट्रेट फिल्म ४१ अंशांच्या आसपास बराच काळ राहिली तरी आपोआप पेटू शकते. जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो, त्यामुळे ती पाण्याखालीही जळत राहते. धुरात नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं असतात. डबा हवाबंद करू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका आणि अ‍ॅसिटेटशेजारी ठेवू नका. १९७८ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टर आणि सूटलंड, १९८२ मध्ये मेक्सिको सिटी, अशी नायट्रेटची मोठी कोठारं जळाली आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कल्पेपरच्या केंद्रात नायट्रेटसाठी १२४ वेगवेगळ्या कोठ्या आहेत. एक पेटली तर १२३ वाचाव्यात, हा त्यामागचा हिशोब. तुमच्या शीतकोठीत ही ४० रिळं ठेवायची की दुसऱ्या, परवाना असलेल्या कोठाराकडे द्यायची, हे अग्निशमन दलाशी बोलून मगच ठरवा.

दुसरी पायरी अ‍ॅसिटेट. व्हिनेगरचा वास म्हणजे फिल्मच्या पायातून सुटणारं अ‍ॅसेटिक आम्ल. हेच आम्ल पुढच्या विघटनाला वेग देतं, म्हणून एकदा चाल धरली की घसरण वाढत जाते. नाकावर मात्र भरवसा ठेवू नका. चार डबे उघडले की नाक मरतं. ए-डी स्ट्रिप नावाच्या निळ्या कागदी पट्ट्या मिळतात. डब्यात फिल्मवर एक पट्टी ठेवून झाकण लावायचं. खोलीच्या तापमानाला २४ तास पुरतात, थंड कोठीत काही आठवडे लागतात. मग सोबत आलेल्या पेन्सिलीच्या रंगपट्ट्यांशी रंग ताडून पाहायचा. निळा म्हणजे ०, पिवळा म्हणजे ३. घसरण वेग घेते ती १.५ च्या आसपास. तुमच्याकडे साधारण ४६० डबे येतील, तेव्हा नमुना घेऊन भागवू नका, प्रत्येकात पट्टी घाला. शीतकोठीत आधी काय जायचं ते यावरूनच ठरणार आहे.

मॅग्नेटिक साउंडच्या १६ मिमी रिळांना सर्वांत आधी पट्टी लावा. लोहाच्या ऑक्साइडमुळे आम्लाची क्रिया आणखी जोर धरते. अशा डब्यात चित्राचं रीळ आणि आवाजाचं रीळ एकत्र असेल तर आजच त्यांची ताटातूट करा. डब्यातल्या चिठ्ठ्या, जुनी लेबलं, कॅमेऱ्याचे कागद बाहेर काढा, कारण कागद आम्ल शोषून धरतो. पण फेकू नका. डब्याचा क्रमांक घातलेल्या पाकिटात ठेवा. रिळात काय आहे हे पुष्कळदा त्या चिठ्ठीवरच लिहिलेलं असतं.

तिसरी पायरी, फिल्म किती आक्रसली ते मोजणं. खास गेज असला तर उत्तम, नाहीतर सपाट टेबल आणि स्टीलची पट्टी. ३५ मिमी प्रिंटवर दोन छिद्रांतलं अंतर ४.७५ मिमी असतं. म्हणजे पहिल्या छिद्राच्या कडेपासून एकशे-एकाव्या छिद्राच्या त्याच कडेपर्यंत ४७५ मिमी भरायला हवेत. ४७१ भरले तर आक्रसणं ०.८४ टक्के. १६ मिमीत १०० छिद्रांना ७६२ मिमी. कॅमेरा निगेटिव्ह थोड्या आखूड मापाच्या असतात, सेफ्टीच्या काळातल्या ३५ मिमी निगेटिव्हला ४७४ धरा, नाहीतर निरोगी फिल्म आजारी ठरेल. ०.८ ते १ टक्क्याच्या पुढे गेलेली फिल्म दात्यांच्या यंत्रावर चढवायची नाही, छिद्रं फाटतात. तिला दाते नसलेला, रोलरवर चालणारा स्कॅनर लागतो. प्रोजेक्टरवर "जरा लावून बघू" हा मोह तर कुठल्याच रिळाबाबत नको.

थंडावा का, ते तुमच्याच आकड्यांत आहे. इमेज परमनन्स इन्स्टिट्यूट या छायाचित्रं-फिल्म टिकवण्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या तक्त्याप्रमाणे २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या अ‍ॅसिटेटला व्हिनेगरची लागण व्हायला साधारण ४० वर्षं लागतात. तुमची कोठी नेमकी त्याच रकान्यात बसते, आणि तुमच्या फिल्मची ४० वर्षं केव्हाच संपली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं गेडनचं मुख्य कोठार उणे ५ अंश आणि ३५ टक्क्यांवर चालतं. रंगीत फिल्मलाही हेच औषध. तुमच्या गुलाबी प्रिंटांतला निळसर-हिरवा रंग अंधारात, डब्यात बसल्या बसल्याच उडालेला आहे. तो परत येत नाही, पण उरलेले दोन रंग थंडीत थांबतात.

अवांतर: १९७८ मध्ये कॅनडातल्या डॉसन सिटीत जमिनीखाली गाडलेली ५३३ नायट्रेट रिळं सापडली. एका बुजवलेल्या तरणतलावात ती जवळपास ५० वर्षं गोठलेल्या मातीत पडून होती. ना यंत्र, ना वीज, तरी कित्येकांतलं चित्र शाबूत. बाहेर काढल्यावर मात्र ओल सुटून थर सुटायला लागले. थंडीतून काढताना घाई केली की काय होतं त्याचाही नमुना तोच.

---

चुंबकफीत

फिल्मबद्दल वरचं सगळं मान्य. पण ते टेपांना जसंच्या तसं लावू नका.

फिल्मचं स्कॅनर आणखी पन्नास वर्षांनीही बनवता येईल, चित्र डोळ्यांना दिसतं. टेपला यंत्र लागतं, आणि यंत्राला हेड, पिंच रोलर (टेप दाबून पुढे नेणारं चाक), पट्टे आणि ते जुळवणारा माणूस लागतो. या चारही गोष्टी संपत चालल्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहाने २०१५ मध्येच सांगितलं होतं की चुंबकीय टेपांवरचं जे २०२५ पर्यंत उतरवलं जाणार नाही ते बहुतांशी गेलंच समजा. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटना आयएएसए यांनी मॅग्नेटिक टेप अ‍ॅलर्ट काढला तोही याच मुदतीचा. तेव्हा पैशाची वाटणी "फिल्मला थंडी, टेपांना डिजिटल" अशी मागा. आणि टेपा उण्या तापमानात नेऊ नका, वंगण बाहेर येतं. ८ ते १८ अंशांत कोरडी, स्थिर जागा पुरे.

पण टेपांच्याही आधी त्या पांढऱ्या भुकटीच्या तबकड्या. तुमच्या अख्ख्या यादीत सर्वांत कमी वेळ त्यांच्याकडे आहे.

७८च्या बाजारू तबकड्या लाखेच्या. हाताने लेबल लिहिलेल्या त्या लॅकरच्या. लाख आणि लॅकर नावानेच भाऊ. लाखेची तबकडी आपटली तर फुटते, एरवी शंभर वर्षं निवांत बसते. लॅकरची तबकडी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा पातळ थर, आणि तो मऊ राहावा म्हणून घातलेलं एरंडेल. वर्षं गेली की एरंडेलातली मेदाम्लं वर येतात, तीच तुमची पांढरी भुकटी. आतला थर आक्रसतो, खालची चकती आक्रसत नाही, आणि एक दिवस थर तडकून खपल्यांसारखा सुटतो. सुटला की सुईला जायला वाट उरत नाही. ओळखायचं असं: मधल्या भोकाच्या कडेला धातूची चकाकी दिसते, आणि लेबलाखाली मधल्या भोकाशेजारी आणखी एक ते तीन छोटी भोकं असू शकतात. धातू दिसला नाही तर काच असेल असं धरून दोन्ही हातांनी उचला.

धुणं: डिस्टिल्ड पाण्यात नॉनआयॉनिक डिटर्जंटचे मोजके थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, मग स्वच्छ डिस्टिल्ड पाणी. लेबल कोरडं ठेवा. अल्कोहोल लाखेलाही नको, लॅकरलाही नको, दोन्ही त्यात विरघळतात. थर उचलला गेला असेल तर पाणीसुद्धा लावायचं नाही.

सुई ७८च्या खाचेला टोकाशी साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येची, लाँगप्लेला (एलपी) १८ ते २५. एलपीची सुई ७८वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी लोळते आणि तिथली धूळच ऐकू येते. दोनतीन मापांच्या सुया लावून पाहा. जुन्या सुईने खाचेची भिंत जिथे घासली नसेल तिथे बसणारी सुई निवडा, आवाज अचानक उघडतो. ध्वनिमुद्रण इक्वलायझेशनशिवाय (खालचे-वरचे स्वर कमीजास्त न करता) सपाट घ्या, कारण १९५४च्या आधी हे कमीजास्त करण्याचं प्रमाण प्रत्येक कंपनीचं वेगळं होतं. खरखर मूळ फाइलमध्ये तशीच राहू द्या. साफसफाई ऐकायच्या प्रतीवर करा.

---

गुणगुण्या

किंचाळणाऱ्या टेपांवर इतका विचार कशाला? सगळ्या ५४ अंशांवर ८ तास भाजून काढा. घरचा ओव्हन कमीत कमी आचेवर ठेवला की झालं.

---

चुंबकफीत

@गुणगुण्या, नको! यातल्या "सगळ्या" या शब्दाने संग्रह जाईल, आणि घरच्या ओव्हनने उरलेला. त्या ओव्हनमध्ये तापमान १०-१५ अंश वरखाली होतं आणि तापलेल्या कांबीसमोरचा भाग वेगळाच शेकतो.

आधी जात ओळखा. रीळ कडेने उजेडापुढे धरा. वेटोळ्यांतून उजेड आरपार दिसला तर पाया अ‍ॅसिटेटचा, दिसला नाही तर बहुधा पॉलिएस्टरचा. तुटलेलं टोक बघा, अ‍ॅसिटेट कचकन सरळ तुटते, पॉलिएस्टर आधी ताणून लांब होते. अ‍ॅसिटेट टेप कधीही, कुठल्याही कारणाने भाजायची नाही. ती वाकडी होते, ठिसूळ होते आणि व्हिनेगरची क्रिया भडकते.

भाजायच्या त्या १९७० च्या मध्यापासून १९९० च्या दशकापर्यंतच्या पॉलिएस्टर टेपा, मागच्या बाजूला काळा खरबरीत लेप असलेल्या. त्यांचा पॉलियुरेथेनचा बंधक (चुंबकीय कण टेपला धरून ठेवणारा थर) हवेतली ओल घेऊन तुटतो आणि चिकटा सोडतो. कोठारपालांनी सांगितलेला हेडवरचा तपकिरी चिकटा हा त्याचाच. पद्धत: प्लास्टिकचं रीळ काढून धातूच्या रिळावर, शक्य तितक्या मंद वेगाने आणि हेडला न लावता गुंडाळा. पंखा असलेल्या, तापमान धरून ठेवणाऱ्या प्रयोगशाळेच्या भट्टीत ५० अंशांवर ८ ते १२ तास ठेवा. वेगळा थर्मामीटर रिळाशेजारीच हवा. अर्ध्या वेळाला रीळ उलटा. भट्टी बंद करून तितकेच तास आतच निवू द्या. गुण काही आठवडे टिकतो, तेवढ्यात उतरवून घ्यायची. यंत्राची रांग लागली असेल तर आधी भाजून ठेवू नका.

आणि चिकटा नाही, तरी किंचाळते, अशीही जात असते. तिचं वंगण संपलेलं असतं. ती भाजून सुधारत नाही. टेप आणि यंत्र दोन्ही थंड खोलीत ठेवून वाजवली तर ती पुष्कळदा गप्प होते.

वाजवताना तीन गोष्टी. प्रत्येक टेपला अझिमथ (टेपशी हेडचा कोन) नव्याने जुळवा, दोन्ही चॅनेल एकत्र करून उंच स्वर सर्वांत मोकळे ऐकू येतील तिथे हेडचा स्क्रू थांबवा. फाइलमध्ये ही चूक नंतर धड दुरुस्त होत नाही. बाजूच्या वेटोळ्यातून उतरलेला भूत-आवाज असेल तर वाजवण्याआधी दोनतीनदा पुढेमागे गुंडाळा, तो कमी होतो. आणि वेग: १९.०५ की ९.५ सेंमी, हे डब्यावर लिहिलंय म्हणून मानू नका, एकाच रिळात तो बदललेला असू शकतो. वेगाच्या चुकीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १८६० चं आहे. लिओन स्कॉट या फ्रेंच संशोधकाने काजळी धरलेल्या कागदावर उमटवलेली आवाजाची रेघ २००८ मध्ये संगणकाने वाजवली, तेव्हा सगळ्यांना ती स्त्रीचा किंवा मुलाचा आवाज वाटली. पुढच्या वर्षी वेग निम्मा करून ऐकलं तर पुरुषाचा आवाज निघाला, बहुधा खुद्द स्कॉटचाच.

---

काचपट

काचेवर कुणीच आलं नाही, म्हणून.

खरं सांगायचं तर २००० काचा तुमच्या यादीत सर्वांत धीराच्या आहेत. काच ना आक्रसते ना वास सोडते. त्यांना शीतकोठीतली जागा देऊ नका. ३० ते ४० टक्के आर्द्रता आणि स्थिर तापमान बस. धोका लाकडी पेट्यांचा. लाकूडही आम्लवायू सोडतं, आणि उघड्या काचा खाचांत घासून कडेचा थर उडतो.

चार पाळ्यांचं कागदी पाकीट वापरा. मधोमध डिंकाची शिवण असलेलं नको, ती शिवण चांदीवर उमटते. कागद पीएटी (कागदाने छायाचित्राला इजा होते का ते पाहणारी) चाचणी झालेला. काच पाकिटात सरकवायची नाही, पाळ्या उघडून वर ठेवायची आणि पाळ्या मिटायच्या. पेटीत लांब कडेवर उभ्या ठेवा, आडवी चळत लावली तर तळातल्या फुटतात. पेटी पूर्ण भरू नका, वजन भयंकर होतं. मध्ये मध्ये पुठ्ठ्याचे आडोसे द्या. फुटलेल्या काचा मात्र आडव्या, तुकडे एकमेकांना लागू न देता कोंदणासारख्या कापलेल्या पुठ्ठ्यात. चिकटपट्टी कुठेच नको, आधीची लावलेली असेल तर तुम्ही उपटू नका.

कोरड्या जिलेटिन काचेची फक्त काचेची बाजू किंचित ओलसर कापसाने पुसता येते. कडेला मोरपिशी चमक असेल तर ती वर आलेली चांदी, घासू नका. १८८० च्या आधीची, थर मलईसारख्या रंगाचा, काच हाताने कापल्यासारखी आणि कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा असेल तर ती ओल्या कोलोडियनच्या, जिलेटिनच्या आधीच्या पद्धतीची समजा. तिला अल्कोहोलचा वाससुद्धा नको, वरचं वार्निश आणि थर दोन्ही विरघळतात.

जाता जाता, काचांबरोबर मोठ्या आकाराच्या सुट्या फिल्म निगेटिव्ह आहेत का बघा. कोपऱ्यात खाचा असतात. कोडॅकच्या १९४९ च्या आधीच्या निगेटिव्हवर कडेकडून पहिली खाच इंग्रजी व्ही आकाराची असेल तर नायट्रेट, यू आकाराची असेल तर सेफ्टी. रीळफिरक्यांनी सांगितलेल्या ४० डब्यांत या भर घालतील.

---

कोठारपाल

फार उपयोग झाला. सुट्या निगेटिव्ह आहेत, एक पेटीभर, बघतो. दोन उपप्रश्न. शीतकोठी यायला वेळ लागेल, तोपर्यंत ए-डी पट्टीवर २ आणि ३ आलेल्या अ‍ॅसिटेट रिळांचं काय? आणि टेपा व तबकड्या उतरवायच्या ठरल्या तर साठवण किती मागावी? समिती आकडा विचारणारच.

---

रीळफिरक्या

साधा नो-फ्रॉस्ट फ्रीझर चालतो, पण फक्त अ‍ॅसिटेटला. नायट्रेट चित्रपटाचं रीळ त्यात नको. डबा ३५ ते ४० टक्के आर्द्रतेच्या खोलीत काही आठवडे ठेवून मग बांधा, एसीची कोरडी खोली असेल तर तीच. आधी एक जाड पॉलिइथिलीनची झिपची पिशवी, हवा दाबून काढलेली. तिच्यावर त्याच कोरड्या खोलीत ठेवलेला पुठ्ठा आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड. मग दुसरी पिशवी, कार्ड बाहेरून वाचता येईल असं. कार्डाचा रंग बदलला तर बाहेरची पिशवी गळतेय, पुठ्ठा बदलून पुन्हा बांधा. बाहेर काढताना पिशव्या न उघडता २४ तास थांबा. लवकर उघडलं की दव थेट फिल्मवर बसतं.

जे ३ आहे आणि १ टक्क्याच्या वर आक्रसलंय, ते फ्रीझरात घालूनही स्कॅनिंगच्या रांगेत पहिलं. थंडी थांबवते, सरळ करत नाही.

---

फाइलखाते

साठवणीचं मी सांगतो, गुणाकारच आहे.

ध्वनी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, ब्रॉडकास्ट वेव्ह, दोन चॅनेल: तासाला साधारण २ जीबी. ६०० टेपा सरासरी एक तासाच्या धरल्या तर १.२ टीबी. तबकड्या धरून २ टीबी मागा. म्हणजे ध्वनीची साठवण जवळपास फुकट आहे, खर्च यंत्राचा आणि माणसाचा.

फिल्मला उलटं. १००० फुटांचं ३५ मिमी रीळ २४ फ्रेमने ११ मिनिटं चालतं. २के (सुमारे दोन हजार पिक्सेल रुंद), १० बिट डीपीएक्समध्ये (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल) एक फ्रेम १२.७ एमबी, म्हणजे तासाला १.१ टीबी. ४के घेतलं तर चौपट. ३०० रिळं म्हणजे ५५ तास, २के मध्येच ६० टीबी, आणि हे एका प्रतीचं. एफएफव्ही१ या व्हिडिओ आवळायच्या पद्धतीने विनाहानी आवळलं तर बरंच कमी होतं आणि बिट न् बिट परत मिळतो. समितीच्या "सगळं स्कॅन करून टाका" समोर हा आकडा ठेवा.

प्रती तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत. एलटीओ टेप (संगणकाचा डेटा साठवायची टेप) घेणार असाल तर एक खोच लक्षात ठेवा. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचायचे, एलटीओ-८ फक्त एक पिढी मागचं वाचतो, एलटीओ-९ सुद्धा तसंच. म्हणजे आज एलटीओ-७ वर लिहिलेलं एलटीओ-९ च्या ड्राइव्हमध्ये वाचता येणार नाही. जुना ड्राइव्ह चालू आहे तोवरच स्थलांतर उरका. अंदाजपत्रकात ते दर सहासात वर्षांचा खर्च म्हणून आत्ताच लिहा, नाहीतर नंतर ते "अचानक" येतं.

फाइल तयार झाल्याबरोबर, कुठेही हलवायच्या आधी, चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) काढा आणि फाइलजवळच नव्हे तर नोंदवहीच्या डेटाबेसमध्येही ठेवा. प्रत केली की पुन्हा काढून ताडा. मधली केबल खराब असेल तर कॉपी "पूर्ण" झाल्याचा संदेश येतो आणि फाइल तुटलेली निघते.

नोंदीत एवढं तरी: डब्याचा क्रमांक, डब्यावरचा मजकूर जसाच्या तसा, पायाची जात, ए-डी आकडा तारखेसह, आक्रसणं, यंत्र, वेग, सुईचं माप किंवा इक्वलायझेशन, भाजली असेल तर अंश आणि तास. "डब्यावरचा मजकूर" आणि "प्रत्यक्षात सापडलं ते" असे दोन वेगळे रकाने करा. एकाच रकान्यात लिहिलं की कुणीतरी डब्यावरचं खोडून "दुरुस्त" करतं.

---

चुंबकफीत

फाइलखात्यांच्या तासांत थोडी भर. १ तासाची टेप म्हणजे १ तासाचं काम नव्हे. ओळख, गुंडाळणं, अझिमथ, प्रत्यक्ष वेळेत वाजवणं, ऐकणं, नोंद, सगळं धरून तिप्पट वेळ लावा. ६०० टेपांना १८०० तास, म्हणजे एका माणसाचं जवळपास वर्ष. दोन यंत्रांवर एकाच वेळी चालवता येतात, पण दोन्ही कान एकाच वेळी दोन टेपा ऐकत नाहीत.

आणि वर राहून गेलं: पॉलिएस्टर-अ‍ॅसिटेट छाननी करतानाच टेपांच्या डब्यांवरही ए-डी पट्टी लावा. अ‍ॅसिटेट टेपेलाही व्हिनेगर लागतं.